लोवेस्टॉफ्ट: 'द डार्कनेस'च्या गावी पाच दिवस

२००४ साली मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. हॉस्टेलमधल्या एकाला लंडनहून आलेल्या भावानं एक सीडी दिली होती. कव्हरवर एक अंतराळयान, आणि हातात टेबल टेनिसच्या बॅटी घेऊन त्याला खाली उतरायची खूण करणारी पाठमोरी बाई. 'परमिशन टू लँड', बँडचं नाव 'द डार्कनेस'. दहा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत संपतात. त्या रात्री आमच्या खोलीत कडाक्याचं भांडण झालं. अर्धी पोरं म्हणाली, ही टिंगल चाललीय, असं किंचाळत आता कोण गातं? बाकीचे म्हणाले, नाही, हा माणूस मनापासून गातोय. मी दुसऱ्या गटात होतो आणि आजही तिथंच आहे.

यंदा जूनमध्ये भाच्याकडे इप्सविचला जायचं ठरलं. नकाशा पाहिला तर बँडचं गाव तिथून दीड तासावर! मग बाकीचं इंग्लंड बाजूला ठेवलं आणि पाच दिवस याच वाटेला लावले.

पहिला दिवस: लंडन

'द डार्कनेस'ची नाळ ज्या ग्लॅम रॉकशी जुळते, त्याच्या मुळापासून सुरुवात करायची म्हणून आधी बार्न्सला गेलो. क्वीन्स राइड नावाच्या रस्त्याच्या वळणावर १९७७च्या १६ सप्टेंबरच्या पहाटे गायक मार्क बोलनची गाडी झाडाला धडकली आणि तो गेला. तो गाडीत शेजारच्या सीटवर होता आणि तिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला होता. आज तिथं त्याचा छोटा अर्धपुतळा आहे, स्मृतिशिळा आहे, आणि चाहत्यांनी आणून ठेवलेल्या वस्तू. एक आजोबा वाळलेली फुलं वेचून पिशवीत भरत होते. मी मदतीला वाकलो तर म्हणाले, "ताजी राहू दे, फक्त तपकिरी झालेली काढ." दहा मिनिटं आम्ही तेवढंच केलं. कुठून आलात, का आलात, काहीही विचारलं नाही त्यांनी.

ग्लॅम रॉक ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडंसं. १९७१च्या मार्चमध्ये बोलन आपल्या 'टी. रेक्स' बँडबरोबर टीव्हीवर गायला तो गालावर चमकी लावून आणि साटीनचे कपडे घालून. तेव्हाचे रॉकवाले मळक्या जीन्समध्ये डोळे मिटून लांबच लांब वाजवत बसायचे. त्यांच्यापुढं हा मुलगा झगमगत उभा राहिला आणि गाणी दिली तीन-चार मिनिटांची, सगळ्यांना ओरडून म्हणता येतील अशी. मागोमाग स्लेड, स्वीट, डेव्हिड बोवी. उंच टाचांचे बूट, टिकल्या, रंगवलेले चेहरे. पाचेक वर्षांत ही लाट ओसरली, पण ओसरताना क्वीन हा बँड मागं ठेवून गेली.

संध्याकाळी हेडन स्ट्रीटवर बोवीनं रंगवलेल्या झिगी स्टारडस्ट या पात्राची पाटी पाहिली आणि तिथून कॅम्डेनला. 'द डार्कनेस'ची चार पोरं इथल्याच पब-क्लबांतून उभी राहिली: जस्टिन आणि डॅन हे हॉकिन्स बंधू, बासवर स्कॉटलंडहून आलेला फ्रँकी पुलेन, आणि ड्रमवर एड ग्रॅहम. २००० साली बँड झाला तेव्हा ब्रिटनमध्ये चलती होती कोल्डप्लेसारख्या उदास, गंभीर बँडची. गिटारचा सोलो वाजवणं म्हणजे जुनाटपणा मानला जायचा. आणि हे आले अंगाला चिकटलेला, छातीपर्यंत उघडा झगमगीत पोशाख, फॉल्सेटो (पुरुषानं काढलेला कृत्रिम उंच आवाज) आणि दोन-दोन सोलो घेऊन. रेकॉर्ड कंपन्यांना कळेना, हा बँड आहे की विनोदी कार्यक्रम. पण शो मात्र भरत गेले. शेवटी ऑगस्ट २००२ मध्ये 'मस्ट डिस्ट्रॉय' नावाच्या एका छोट्या लेबलनं त्यांची पहिली ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) काढली.

(कॅम्डेनला शनिवारी दुपारी जाऊ नका, चालताही येत नाही. आठवड्यातली संध्याकाळ बरी. गाणं ऐकायचं असेल तर छोट्या पबमधला कार्यक्रम निवडा. मी ज्या पबात गेलो तिथं स्टेज आमच्या वाईच्या घराच्या ओट्याएवढं होतं. त्यावर चार माणसं, ड्रम आणि दोन मोठे अँप्लिफायर कसे मावतात ते जवळून पाहिल्याशिवाय पटत नाही.)

दुसरा दिवस: रुळांचं शेवटचं टोक

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून इप्सविच सव्वा तास. तिथं भाचा फलाटावरच भेटला, हातात डबा. सूनबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. छोटी गाडी दीड तास शेतांतून, खाडीकाठानं, वूडब्रिज, हेल्सवर्थ, बेकल्स करत जाते. समोरच्या सीटवरच्या एका आजीबाईंनी चटणी मागून घेतली. तिखट लागली तशा पाणी प्यायल्या आणि पुन्हा हात पुढं केला.

लोवेस्टॉफ्टला रूळ संपतात. स्टेशनावर जुन्या ब्रिटिश रेल्वेची गडद निळी पाटी अजून आहे, 'लोवेस्टॉफ्ट सेंट्रल'. बाहेर आलं की पहिल्यांदा जाणवतो तो आवाज. किटीवेक हे समुद्रपक्षी खरं तर कड्यांवर राहणारे, पण इथं ते गावातल्या इमारतींच्या कठड्यांवर घरटी करतात, शेकडो जोड्या. स्वतःचंच नाव घेत दिवसभर ओरडतात. भिंतींवर पांढरे ओघळ. टोपी घालाच.

आम्ही उतरलो होतो त्या घरगुती लॉजच्या मालकीणबाई सत्तरीच्या. वडील मासेमारी बोटीवर होते. "लोक साउथवोल्डला जातात, नॉर्विचला जातात. इथं कोण येतंय?" असं म्हणत त्यांनी चहा ठेवला. मी आल्याचं कारण सांगितलं तर दोन मिनिटं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "भारतातून? त्या पोरांसाठी?" आणि बिस्किटांचा अख्खा डबा पुढं सरकवला.

एकेकाळी हे हेरिंगचं मोठं बंदर. हंगामात स्कॉटलंडच्या बायका मासे साफ करायला बोटींच्या मागोमाग इथवर यायच्या. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते सगळं ओसरलं. बंद दुकानं दिसतात, रंग उडालेली हॉटेलं दिसतात. तरी दक्षिणेकडचा वाळूचा किनारा इतका रुंद, स्वच्छ आणि मोकळा की संध्याकाळी तिथून पाय निघेना. फिश अँड चिप्स तिथंच वाळूत बसून खाल्ले. कॉड घेतला, त्याचं कवच मोडताना पापडासारखा आवाज आला. दोघांत एक पुरतो, दोन घेऊ नका. आणि सीगलपासून जपा. शेजारच्या मुलाचा अख्खा मासा एकानं उडत्या उडत्या नेला.

तिसरा दिवस: सूर्य, किपर आणि बार्नबी

नेस पॉइंट हे ब्रिटनचं सर्वांत पूर्वेचं टोक. जूनमध्ये सूर्य साडेचारलाच वर येतो. चारला उठून चालत निघालो. वाटेत गोठवलेल्या भाज्या आणि मासळीचा मोठा कारखाना, डोक्यावर गलिव्हर नावाची अवाढव्य पवनचक्की, आणि टोकाला जमिनीत बसवलेली गोल तबकडी. युरोपातली शहरं कुठल्या दिशेला आणि किती लांब ते तिच्यावर कोरलंय. ब्रिटनच्या या टोकावर आम्हाला दिवसाचं पहिलं ऊन लागलं. आमच्याशिवाय तिथं एक कुत्रा फिरवणारी बाई होती, बस्स. वारा मात्र असा की कानटोपीशिवाय उभं राहता येत नव्हतं. जूनमध्येही वारा अडवणारं जाकीट न्याच.

परतताना 'स्कोअर्स'मधून आलो. वरच्या हाय स्ट्रीटपासून खाली किनाऱ्याकडे उतरणारे हे अरुंद बोळ. कोळी पूर्वी याच पायऱ्यांनी वर-खाली करायचे. नाश्त्याला किपर, म्हणजे चिरून, मिठात मुरवून, धुरावर धरलेला हेरिंग. ताटलीतून वास आला आणि मला आईच्या हातचं सुकट आठवलं. काटे फार, घाई करू नका, पण लोणी लावलेल्या पावाबरोबर त्याला तोड नाही.

दुपारी टॅक्सी करून बार्नबी. आठेक किलोमीटर. हा वाकडातिकडा रस्ता 'बार्नबी बेंड्स' म्हणून बदनाम आहे आणि पहिल्या अल्बममधल्या एका गाण्यात त्याचं नावही येतं. गावात अडकून पडल्याचं गाणं आहे ते. ड्रायव्हरला सांगितलं तर त्यानं पुढच्या वळणावर मुद्दाम वेग कमी केला आणि म्हणाला, "मीसुद्धा सतरा वर्षांचा असताना हेच म्हणायचो. मग नॉर्विचला गेलो. मग परत आलो."

बार्नबी म्हणजे लहानसं खेडं. मला इथला पब बघायचा होता. ३१ डिसेंबर १९९९. नव्या सहस्रकाच्या स्वागताची रात्र. त्याआधी लंडनमध्ये या भावांचा 'एम्पायर' नावाचा बँड होता. गायक दुसराच होता आणि थोरला जस्टिन कीबोर्ड वाजवायचा. तो बँड काही चालला नव्हता. त्या रात्री या पबात गाणी लागली, क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' लागलं आणि जस्टिन उठला. सगळं गाणं त्यानं अंगानं केलं, हातवारे, गुडघ्यावर बसणं, मान मागं टाकणं, सगळं. धाकटा डॅन बघत होता, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण बाहेर गायक शोधतोय, तो तर घरातच आहे.

पब त्या वेळी बंद होता. बाहेर रस्त्यावर उभा राहिलो. शांतता, कुठं तरी कबुतर घुमत होतं. भाचा म्हणाला, "मामा, एवढंच?" एवढंच. पण माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच काही होतं. आमच्याकडं वाईत माहीत नाही असा माणूस नाही, की ते गाणं लिहिणारा क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बुलसारा हा पोरगा, आमच्या डोक्यावरच्या घाटात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढला. तिथंच त्याचा 'फ्रेडी' झाला. तिथंच त्यानं १९५८ साली शाळेतल्या मित्रांबरोबर 'हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड केला. पियानोवर तो. लहानपणी एसटीनं पाचगणीला जाताना बाबा त्या शाळेकडे बोट दाखवायचे. त्याचं गाणं सफोकच्या या वाकड्या रस्त्यावरच्या पबात एका कीबोर्डवाल्या मुलाच्या अंगात आलं आणि त्यातून एक बँड निघाला. मला हुंदका आला म्हटलं तरी चालेल. भाच्यानं काही न बोलता पाठीवर हात ठेवला.

त्यानंतरचं सगळं झपाट्यानं झालं. २००३च्या जूनमध्ये ग्लॅस्टनबरी या मोठ्या संगीत महोत्सवाच्या मुख्य मंचावर पहिल्या सकाळी यांनीच उद्घाटनाचा कार्यक्रम केला. ७ जुलैला अल्बम आला, ब्रिटनच्या खपाच्या यादीत आधी दुसऱ्या क्रमांकावर, मग पहिल्या, आणि तिथं चार आठवडे राहिला. लिंकनशरमधल्या एका स्टुडिओत निर्माता पेद्रो फेरेराबरोबर ध्वनिमुद्रित केलेलं काम होतं ते. नाताळात त्यांचं गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. १७ फेब्रुवारी २००४ला ब्रिट या संगीत पुरस्कारांत तीन मिळाले: सर्वोत्तम ब्रिटिश गट, अल्बम आणि रॉक. बार्नबीच्या त्या रात्रीपासून पुरती सव्वाचार वर्षंही झाली नव्हती.

संध्याकाळी लॉजवर परतल्यावर मालकीणबाईंनी दिवाणखान्यात तो अल्बम लावला. त्यांच्या मुलाचा होता. हेडफोनवर ऐकताना जे निसटतं ते मोठ्या स्पीकरवर कळलं. दोन गिटार आहेत आणि त्या एकमेकींवर चढत नाहीत. डॅनची मधोमध, कोरडी, ठाम. टाळ वाजवावा तशी एका जागी पक्की. जस्टिनची त्याच्याभोवती फिरणारी. गायक वरच्या पट्टीत जातो तेव्हा खालून बास आणि ड्रम अजिबात दागिने न घालता साधा ठेका धरतात, म्हणून तो पडत नाही. सोलो आले की ते गुणगुणता येतात, बोटांच्या कसरती नाहीत. टिंगल करणारा माणूस एवढी मेहनत कशासाठी घेईल? टिंगलीला एक गाणं पुरतं. यांनी दहाच्या दहा गाणी अशी बांधली आहेत.

गावच्या जत्रेत तमाशा यायचा तेव्हा टिकल्यांच्या साड्या आणि पावडरीचे चेहरे बघून आम्ही पोरं हसायचो. आजोबा रागवायचे. म्हणायचे, "नटून उभं राहायला छाती लागते रे." ते त्या दिवाणखान्यात आठवलं.

चौथा दिवस: काळा कुत्रा

अल्बमचं पहिलंच गाणं 'ब्लॅक शक'. हा इथल्या लोककथेतला भुताटकीचा काळा कुत्रा. ४ ऑगस्ट १५७७ला मोठ्या वादळात तो आधी बंगी गावच्या आणि मग ब्लाइथबरोच्या चर्चमध्ये शिरला आणि प्रार्थनेला बसलेली माणसं मारली, अशी गोष्ट. वीज पडली असणार हे उघड आहे. पण ही मुलं लहानपणी ही गोष्ट ऐकतच मोठी झाली, आणि पहिल्या अल्बमचं दार त्यांनी न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसच्या नव्हे, आपल्या तालुक्याच्या भुतावर उघडलं. मला त्यांचं हे फार आवडतं.

ब्लाइथबरोला जाताना समुद्रावरून धुकं आलं. ऊन होतं तिथं पाच मिनिटांत दहा पावलांवरचं दिसेना. दलदलीच्या कडेला चर्च एकदम समोर उभं राहिलं, गावाच्या मानानं भलतंच मोठं. आत गेलो तर उजेडच उजेड. उंच काचा, पांढऱ्या भिंती, आणि छताला पंख पसरलेले लाकडी देवदूत, रंग पुसट झालेले. त्या लाकडात छर्रे सापडले. सतराव्या शतकात चर्चमधल्या मूर्तींविरुद्ध असलेल्या प्युरिटन पंथाच्या सैनिकांनी देवदूतांवर गोळ्या झाडल्या असं लोक म्हणायचे, पण ते छर्रे पुढच्या शतकात छतात घुसलेले डोमकावळे मारताना लागलेले आहेत.

उत्तरेचं दार आतून पाहायचं. जुनं, करड्या पडलेल्या फळ्यांचं. त्यावर काळे डाग, लांबट, वर निमुळते, खाली खोल. कुत्र्याच्या पंज्यांचे म्हणतात. मी बोट ठेवलं. लाकूड तिथं आत जळलेलं आहे, कडा गुळगुळीत झाल्यात, एवढ्या लोकांनी बोटं फिरवलीत त्यावर. चर्चची देखभाल करणारे एक गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "पूर्वी म्हाताऱ्या बायका दाखवायला आणायच्या नातवंडांना. आता काळे टीशर्ट घातलेले लोक येतात. दोघंही पेटीत पैसे टाकतात, आम्हाला चालतं." (सुटे पाउंड खिशात ठेवा. अशा चर्चचा खर्च या पेटीवरच चालतो.)

बंगीला जायची बस आलीच नाही. थांब्यावर पाऊण तास धुक्यात उभे. शेवटी टॅक्सी बोलावली, दिवसभराच्या खर्चाएवढे पैसे गेले. या भागात फिरायचं तर गाडी भाड्यानं घ्या, आणि बसवर विसंबायचं असेल तर परतीची शेवटची वेळ आदल्या रात्री पक्की करा. रविवारी तर नकोच. बंगी मात्र सार्थकी लागलं. बाजारचौकात वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आहे, त्यावर विजेबरोबर धावणारा काळा कुत्रा. खाली बेकरीत जिन्नस संपले होते, तरी आम्हाला भिजलेलं बघून बाईंनी आतून स्वतःसाठी ठेवलेले दोन सॉसेज रोल गरम करून दिले.

रात्री भाच्यानं विचारलं, मग पुढं काय झालं त्यांचं? सांगितलं. २००५ला फ्रँकी बाहेर पडला. दुसरा अल्बम रॉय थॉमस बेकरनं केला, म्हणजे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चाच निर्माता. अफाट वेळ आणि पैसा ओतला. मला तो अल्बम वाईट वाटत नाही, पण पहिल्यात चार मुलं एका खोलीत आहेत असं ऐकू येतं, ते दुसऱ्यात येत नाही. २००६ मध्ये जस्टिन व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी गेला आणि बँडही सोडला. संपलं. २०११ मध्ये पुन्हा एकत्र आले, आणि आज त्यांच्या ड्रमवर कोण आहे? क्वीनचा ड्रमर रॉजर टेलर याचा मुलगा रुफस. भाचा एवढ्यानं उठून बसला.

पाचवा दिवस: फेल्टम

परतीचं विमान रात्रीचं. सामान लॉकरमध्ये टाकून हीथ्रोशेजारच्या फेल्टमला गेलो. १९६४ साली झांझिबारहून आल्यावर बुलसारा कुटुंब ग्लॅडस्टन अव्हेन्यूवर राहिलं. साधं, रांगेतलं घर. २०१६ साली लावलेली गोल निळी पाटी आहे. लोक आत राहतात, म्हणून पलीकडच्या पदपथावरूनच बघा, आवाज करू नका.

पाटीवर फ्रेडी मर्क्युरी लिहिलंय आणि खाली कंसात 'फ्रेड बुलसारा'. मी पाच मिनिटं उभा होतो. तेवढ्यात डोक्यावरून तीन विमानं गेली, चाकं खाली काढलेली, इतकी जवळ की खिडक्या मोजता याव्यात. चौथं येत होतं तेव्हा मी बॅग उचलली आणि बसथांब्याकडे निघालो.